सात वाडगे, एकात एक

खालच्या मजल्यावर, चौतिसाव्या खणात,
जुन्या कांबळ्याच्या तुकड्यावर मी ठेवलेत
सात वाडगे, एकात एक रुतलेले,
सगळे मिळून एका अंगाला कललेले.
हजार वर्षांपूर्वी भट्टीतून ते निघाले, ते असेच.
त्यांत कधी कुणी जेवलं नाही.

वर, काचेमागे, देखणा वाडगा आहे.
पांढऱ्या अस्तरावर काळी अक्षरं,
ताठ मानेची, काठाकाठानं चालत गेलेली,
आणि वरून झिलई, अशी की
शाळेतली पोरं विचारतात, अजून ओला आहे का?
पाटीवर : समरकंद, अफ्रासियाबचं टेकाड, दहावं शतक.
अक्षरं म्हणतात : बरकत, धन्याला.
धनी आता आम्ही. म्हणजे खातं. म्हणजे
एक शिक्का, दोन सह्या
आणि दर जूनमधली मोजदाद.

मागच्या गुरुवारी रिश्तानहून उस्ता इबोदुल्ला आले,
एप्रिलातही कोट घालून, रुमालात नान बांधून.
सहा पिढ्या चाकावर. स्वतः आता फक्त झिलई कालवतात,
हात कापतात म्हणून.
देखण्या वाडग्यासमोरून ते गेले
श्रीमंत नातलगाच्या दारावरून जावं तसे,
मान किंचित लववून, न थांबता.
म्हणाले, पोरी, बिघडलेलं काही आहे का?

मी चौतिसावा खण ओढला.

आधी ते हसले.
मग कोट काढला, बाही सारली, आणि म्हणाले,
सरपण ओलं होतं. आधी धूर, मग घाई.
मग कुणीतरी एकदम जाळ केला.
झिलई वितळून मधासारखी उतरली,
प्रत्येक वाडग्यातली ती तीन पायांची तिपाई बुडाली,
आणि सगळे बसले एकमेकांच्या मांडीत.
बोलताना ते बोटानं ओघळ दाखवत होते,
जिथं हिरवा थेंब पडता पडता थांबलाय
आणि अजून थांबलेलाच आहे.

मग त्यांनी चवड उलटी केली.
(करू द्यायला नको होती. मी करू दिली.)
तळाशी तीन ठसे, झिलईत बुडवताना
जिथं धरलं होतं तिथले, कोरड्या लाल मातीचे.
त्यांनी आपली बोटं टेकवून पाहिली. मावेनात.
मी टेकवली. माझीही मावेनात.
दहा-अकरा वर्षांचं पोर, ते म्हणाले.
भट्टीवर तेच बसलं असणार रात्री.
त्या वयाच्या पोराला झोप कुणी विकत घेऊन देत नाही,
ती आपणहून येते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. वर कुठंतरी
नोदिराबाई जिना पुसत होत्या.
मग ते म्हणाले, अगदी हळू,
जणू ते पोर दाराशीच उभं आहे :
हे खापर कुणाच्या माथी फुटलं,
ते लिहिलंय का तुमच्याकडे? मारलं असेल का त्याला?

मी खरंच नोंदवही उघडली.
नऊ रकाने. खड्डा, खोली, तारीख, उंची, व्यास,
मातीचा रंग, झिलईचा रंग, शोधणाऱ्याची सही.
'अवस्था'खाली एकच शब्द : निकामी.

त्या पोराला अक्षर येत होतं का?
सगळ्यात वरच्या वाडग्यात शब्द अर्धा दिसतो, बर–
पुढचं ओघळाखाली गेलंय.
उरलेल्या सहांतही तो असणारच,
एकावर एक मिटलेला,
कुठल्याही धन्यापर्यंत न पोचलेला.

ते गेल्यावर खण लावताना पाहिलं :
वरच्या वाडग्यात नानचा तुकडा,
नखाएवढा.

नियम आहे, अन्नानं किडे येतात.
मी तो चिमट्यानं काढला.
केराच्या डब्यापर्यंत गेले.
मग खाल्ला.
शिळा होता. वर दोन तीळ.